हौदाचं कारण

कडुलिंबाचं एक पिवळं पान पाण्यावर गिरकी घेत होतं, आणि त्याला कुणी कारण विचारत नव्हतं... पंचफुला नेसत्या लुगड्यानिशी छातीभर पाण्यात उभी होती, दोन्ही हातांनी विटांचा काठ घट्ट धरून. अंगणात खाली काळा पाषाण, म्हणून हौद जमिनीच्या वर बांधलेला — पोहता न येणाऱ्या बाईनं, पोहायला.

फाटकात नगरपालिकेचा शिपाई प्रेमसिंग कागद घेऊन उभा. नियम त्यानं दोनदा वाचून दाखवला होता : घराच्या आवारात कमरेहून उंच हौद असेल तर कारण लिहून द्यावं. गुरं, बांधकाम, नाहीतर आजारपण. चौथं कारण नाही. नाहीतर हौद पाडावा लागेल.

“आजारपन लिवा ना बाई. गुडघे दुखते म्हना. कोन पाह्यले येते? मले रामनवमीच्या जत्रेले पोहरादेवीले जायाचं हाय.”

“माहे गुडघे चांगले हायेत.”

ओट्यावरून तिचा नवरा इंद्रभान म्हणाला, “मंग गुरं लिव. एक सही अन् हौद वाचते.”

“आपल्या घरी गुरं कोठी हायेत? तुमाले दाखवू बैल म्हून?”

प्रेमसिंग हसला. इंद्रभानही, जरा उशिरानं.

किती सोपं होतं... पण गुडघे म्हटलं की उद्यापासून लंगडावं लागेल, शेजारची तुळसाबाई भिंतीवरून विचारील, आज बरं वाटते का? — आणि हे एवढं पाणी औषध होऊन जाईल. माय अशीच विहिरीच्या कट्ट्याखाली घागर मांडून बसायची. कट्ट्याला शिवायचं नाही, पाणी वरून कुणीतरी ओतणार. ‘कायले पाहिजे एवढं?’ वरून प्रश्न यायचा, आणि माय मान खाली घालून कारण द्यायची — पोराला ताप आहे, पाहुणे आलेत... जात्यावर मात्र गायची —

नदीबाईच्या गं दारा, नाही कुलूप नाही कडी
माझी घागर गं बाई, उन्हामंदी उभी खडी

धम्मदीक्षा घेतली आणि बापानं त्या विहिरीकडे पाठ फिरवली. त्याला वीस वर्षं होत आली. आज दारात स्वतःची विहीर. तरी जन्मभर पाणी माझ्या अंगावर पडलंच फक्त — मी पाण्यात कधी उतरले नाही.

“लिव प्रेमसिंगभाऊ. मले पाण्यात बरं वाटते म्हून.”

“असं कारन चालत नाही बाई. हौद जाईन.”

“तू लिव.”

त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि इंद्रभानकडे पाहिलं. इंद्रभान पंचफुलाकडे पाहत होता.

हौद राहील, पाडतील — कुणास ठाऊक. तिनं काठावरचा एक हात सोडला. पाण्यात पाय ठरेनात... भीतीच होती ही. पण पाण्याची, कट्ट्यावर उभ्या असलेल्या कुणाची नव्हे. केवढी हलकी होती ही भीती — नवीकोरी, कुणी वरून न ओतलेली, आपली आपण घेतलेली... दुसऱ्या हाताची बोटं सैल होऊ लागली.