साक्षीदाराची सही

आमच्या वॉर्डात वेदना मारायचं ते कडक इंजेक्शन कुलपात असतं. पेशंटला अर्धीच अँप्यूल लागली, तर उरलेली अर्धी दोन सिस्टरांनी एकमेकींच्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतायची आणि रजिस्टरात दोघींनी सह्या करायच्या, असा नियम आहे. नियम करणाऱ्यानं तीस पेशंट अंगावर घेऊन एक तरी ड्युटी केली असेल, असं मला वाटत नाही. कोण बघत बसतंय! कामावर आल्या आल्या साक्षीदाराच्या रकान्यात मी आठ-दहा सह्या ठोकून मोकळी व्हायचे. सगळ्याच करतात. शिवाय ओतणारी माझी सख्खी धाकटी बहीण. तिच्यावर काय पहारा ठेवायचा?

खुब्याचं ऑपरेशन झालेले एक शिंपीकाका होते. धाकटीनं इंजेक्शन देऊन तास उलटला तरी ते उशीचं टोक दातांत धरून कण्हत होते. "सिस्टर, पाणी टोचलं काय हो मला?"

मी खेकसले. "काका, ऑपरेशन काय एकट्या तुमचंच झालंय? पुरे झाली नाटकं."

बिचारे ओशाळून गप्प बसले. पेशंटला गप्प बसवण्यात माझा हात कोणी धरत नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी भर दुपारी चादरी आणायला गेले, तर कपाटामागे धाकटी फरशीवर बसलेली. मोजा खाली सरकवून घोट्यात सुई घातलेली. उरलेलंच नाही, काकांच्या वाटणीचंही ती स्वतःला टोचत होती, आणि काकांना नुसतं सलाईनचं पाणी. तिनं वर पाहिलं आणि हसली, मेली!

"ताई, दार लाव ना."

मी आधी दार लावलं, मग मुस्काटात दिली. वर्षापूर्वी कंबर धरली होती म्हणून एकदा घेतलं, म्हणे. मग रोजच लागायला लागलं. "सोडणारच होते गं, आईशप्पथ!"

मी तडक मेट्रनबाईंकडे गेले. म्हटलं, रीतसर नोंद करा, तिला उपचारांना धाडा, नाहीतर ही मरेल. बाईंनी शांतपणे चष्मा पुसला.

"या वर्षातली ही तिसरी केस. त्यात एक तर सर्जन. नोंद केली की पोलीस येणार. आणि साक्षीदार म्हणून सही कोणाची आहे, सांगा बरं?"

मी नोंदीचा हट्ट तिथंच सोडला. बाईंनी धाकटीचा राजीनामा घेतला, कारण लिहिलं 'घरगुती अडचण'. वर निरोपाला फुलांचा गुच्छही दिला. लाज कशी वाटली नाही आम्हाला!

घरी तिचे हाल कुत्रं खाईना. घाम, उलट्या, हातपाय झाडणं. उपचार केंद्राचं नाव काढलं की आई माझ्याच अंगावर यायची. "व्यसनी म्हणून शिक्का मारायचाय का पोरीवर? आता दोन घास जेवतेय, बरी झालीय ती." बरी! भर उकाड्यात लांब बाह्यांचा कुडता घालून हिंडत होती. आईला ते दिसत नव्हतं, आणि मला दिसूनही मी बाही वर करून बघितली नाही.

परवा सुटीच्या दिवशी फोन आला. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या मेट्रनबाई होत्या. धाकटीनं तिकडे अर्ज केला होता आणि चौकशीसाठी माझा नंबर दिला होता.

"कशी आहे हो मुलगी? आमच्याकडे माणसांची फार मारामार आहे."

"कोणत्या वॉर्डला घेताय?"

"कॅन्सरच्या. शेवटच्या टप्प्यातले पेशंट. बोलायचंही त्राण नसतं हो त्यांना, कसली तक्रार म्हणून करत नाहीत."

समोर आई हात जोडून उभी. दाराशी धाकटी नखं खात होती. खरं सांगितलं असतं तर कदाचित ती वाचली असती. ते पेशंट तर नक्कीच सुटले असते. पण मग सगळंच बाहेर निघालं असतं, आणि माझी नोकरी गेली असती. खोटं कशाला बोलू, मला आधी नोकरीच आठवली.

"हात फार हलका आहे तिचा," मी म्हणाले. "सुई टोचलेली पेशंटला कळतसुद्धा नाही."

"मग उद्यापासूनच पाठवा," त्या म्हणाल्या. धाकटी लगेच युनिफॉर्मला इस्त्री करायला बसली.