घरचं कापड

थॉर्नहिल साहेबांनी भर पंगतीत टेबलावर मूठ आपटली. "विलायती कापडावर जकात लावून वॉशिंग्टनवाले आपल्याला लुटतात. साउथ कॅरोलिना हा कायदा मानत नाही. तो जाईपर्यंत या घरात अंगाला घरचंच कापड!"

पोटमाळ्यावरचा माग खाली आला. पण विणता येत होतं एकट्या बायनाला.

बायना या घरची गुलाम. तिची लेक सुकी, अजून दुधाचे दात पडत होते, ती साहेबांच्या मुलीच्या, कॅरोलाइनताईंच्या लग्नात आंदण म्हणून जॉर्जियाला जायची ठरली होती.

"बाईसाहेब," बायना म्हणाली, "कापूस पिंजायला सुकी लागेल मला."

बाईसाहेब हसल्या. "लबाड कुठली! बरं, सगळ्या घराचं कापड विण. सुकी तुझ्याजवळच राहील. माझा शब्द."

थंडीभर मागावर धोटा धावला. सुकी पिंजलेल्या कापसाचे पेळू वळायची, मधेच आईच्या मांडीवर डोकं टाकायची.

"आई, साहेबांचा कोट माझ्या कापसाचा ना?"

"हो गं राणी, म्हणून तर टोचतोय त्यांना!"

त्याच कोटात साहेब पाहुण्यांना सांगायचे, "देश म्हणजे राज्याराज्यांनी केलेला करार. समोरच्यानं मोडला, की आपल्यावर बंधन उरत नाही." दाराआड मागापर्यंत ऐकू यायचं.

मार्चमध्ये वॉशिंग्टनशी तडजोड झाली. जकात हळूहळू उतरणार होती. साहेब म्हणाले, "जिंकलो!" जाडाभरडा कोट कोचमनच्या अंगावर गेला, माग परत माळ्यावर. विलायती रेशमाचे तागे आले आणि आंदणाच्या सामानात सुकीची नवी टोपी दिसली.

बायनानं ती टोपी उचलली. "बाईसाहेब, तुमचा शब्द..."

"अगं, तो मागापुरता होता." बाईसाहेबांची बोटं रेशमावरून फिरतच होती. "रडू नकोस. कॅरोलाइन जपेल तिला."

बायना रडली नाही. इतके दिवस या बाईच्या अंगासाठी आपण मऊ सूत वेगळं काढत होतो, एवढंच तिला आठवत राहिलं.

विजयाच्या मिरवणुकीला सगळं घर बंदरावर गेलं. तोफा धडधडत होत्या. उरलेलं कापड बायनानं सुकीच्या खांद्यांभोवती गुंडाळलं.

"कुठं जायचं, आई? बाईसाहेब रागावतील."

"करार त्यांनी मोडला, बाळा," बायना म्हणाली आणि तिनं मागचं फाटक उघडलं.