बाटलीभर समुद्र

"अहो, लाट आली की सांगा!" पुरीच्या समुद्रात गुडघाभर पाण्यात, लाटांकडे पाठ करून उभी असलेली प्रतिमा ओरडली. एका हातात साडीचा घोळ, दुसऱ्या हातात सरबताची रिकामी बाटली.

"लाट काय सांगून येते का?" दोघांच्या चपला सांभाळत विश्राम वाळूवरून ओरडला. "आटप लवकर! कोणार्कची बस सुटून राहिली!"

लाट न सांगताच आली आणि प्रतिमाला खाली बसवून गेली. नाकातोंडात खारं पाणी गेलं, बाटलीत पाण्याबरोबर वाळूही शिरली. ती उठली ती हसतच. येणारेजाणारे वळून पाहत होते आणि तिला त्याचं काहीएक वाटत नव्हतं.

खरं म्हणजे समुद्र ती पहिल्यांदाच पाहत होती. पण हे चंदीगडमध्ये कुणाला पटेल तर शपथ! विश्राम टेलिफोन खात्यात मेकॅनिक. बदली होऊन तो बावीस सेक्टरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये आला, तेव्हापासून शेजारपाजारच्या बायका प्रतिमाला 'बंबईवाली' म्हणत. महाराष्ट्रातली म्हणजे समुद्राकाठचीच. आपलं मलकापूर समुद्रापासून किती लांब, हे सांगून सांगून ती थकली होती. दर वर्षीची रजा त्याच मलकापूरला जायची, मोठ्या जावेच्या हाताखाली पापड लाटण्यात. इकडे परत आलं की विश्राम रविवारी सुखना तलावावर न्यायचा आणि म्हणायचा, "समुद्र म्हणजे दुसरं काय असते? पलीकडचा काठ दिसत नाही, इतकंच."

या वर्षी मात्र सरकारने भारतात कुठेही जाण्याची सवलत दिली आणि विश्रामने जन्मात पहिल्यांदा भावाला कळवलं, की आम्ही येत नाही. प्रतिमाला तेव्हाच अर्धी सहल घडली होती.

निघताना खालच्या मजल्यावरच्या बीजींनी तिचा हात धरला. बीजी कराचीच्या. फाळणीत घर गेलं, पुढे नवरा गेला, आता गुडघेही गेले होते. तोंड मात्र शाबूत होतं. "मेरे लिए साड़ी-वाड़ी मत लाना, बेटा. एक बोतल समुंदर ला दे. बरसों से नहीं देखा."

विश्राम पडला काटेकोर माणूस. तो म्हणाला, "बीजी, आपका समुंदर अरबी था. ये तो बंगाल का है."

"अरे, पानी के बीच में किसने तार लगाई है?" बीजी म्हणाल्या.

म्हणून ती बाटली. परतीच्या सगळ्या प्रवासात प्रतिमाने ती मांडीवरून खाली ठेवली नाही. गाडी थांबली की विश्राम विचारायचा, "समुद्र ठीक आहे ना?"

घरी पोचल्यावर तिने बाटली देवघरात ठेवली. तिथे कुणी हात लावणार नाही, हा तिचा हिशेब. जगन्नाथाचं दर्शन करून आलेत म्हटल्यावर मावंदं घालणं आलंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी बिल्डिंग जेवायला बोलावली. बीजींनाही. बाटली त्यांना सगळ्यांदेखत द्यायची, असं प्रतिमाच्या मनात होतं.

ती आत पुऱ्या तळत होती आणि बाहेर विश्राम पूजा आटोपत होता. देवघरात हरिद्वारची गंगाही होती, तसल्याच सरबताच्या बाटलीत. विश्रामने विचार केला, यात्रा पुरीची, तर तीर्थ पुरीचंच पाहिजे. नवी बाटली तांब्यात ओतली, वर तुळशीची पानं टाकली आणि पळीपळीने सगळ्यांना वाटलं. पाहुण्यांनी भक्तिभावाने ओंजळ तोंडाला लावली.

मग जे खोकणं सुरू झालं ते थेट स्वयंपाकघरात ऐकू आलं. शेजारच्या करतारसिंगांच्या मिशा ताठ झाल्या. "भाईसाब, जगन्नाथजी नमक बहुत खाते हैं क्या?" त्यांच्या बायकोला वाटलं, प्रवासात पाणी नासलं. तिने मदत म्हणून तांब्या मोरीत रिकामा केला आणि घासून, चकचकीत करून आणून ठेवला.

प्रतिमा झारा हातात घेऊन बाहेर आली आणि रिकामी बाटली पाहून जागीच थिजली.

"अहो, बीजींचा समुद्र वाटला तुम्ही सगळ्यांना!"

"मला वाटलं, तीर्थासाठीच आणून राहिली तू..." विश्रामचा आवाज खोल गेला. प्रतिमाला रडूच फुटलं. एवढ्या लांबून जपून आणलं आणि घरात येऊन घालवलं!

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. गुडघ्यांमुळे बीजींना वर यायला नेहमीच उशीर व्हायचा. विश्रामच पुढे झाला. पूजेचा मुकटा, कपाळाला गंध, हातात बाटली. चूक त्याने काही न लपवता सांगून टाकली.

बीजी आधी हसल्या. ओढणी तोंडावर धरून, करतारसिंगांच्या मिशांकडे पाहून पुन्हा पुन्हा हसल्या. मग म्हणाल्या, "कुछ बचा है?"

बाटलीच्या तळाशी घोटभर होतं. बीजींनी उजवा हात पुढे केला. विश्रामने बाटली उपडी केली. पाणी आलं, मागून वाळू आली. बीजींनी तळवा तोंडाला लावला. त्यांचंही तोंड आता वाकडं होणार, म्हणून सगळे टक लावून पाहत होते. ते झालं नाही.

"शादी के बाद लालाजी पहली बार ले गए थे," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "लहर ने गिरा दिया. वो हँस रहे थे, और मेरे मुँह में यही था. बिलकुल यही."

"मी पण पडली, बीजी," प्रतिमा डोळे पुसत मराठीतच म्हणाली. बीजींना ते कळलं.

मग पंगत बसली. गप्पांना आणि पुऱ्यांना खळ नव्हता. करतारसिंगांनी तर मीठच वाढू नका म्हणून सांगितलं. प्रतिमाने बीजींसमोर ताट मांडलं आणि तिचं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. मूठ मिटलेली होती. बोटांच्या फटीतून वाळूचे दोन कण दिसत होते.

हात धुवायला पाणी आणलेलं तिने गुपचूप परत नेलं आणि खिरीच्या वाटीत एक चमचा घालून ती बीजींच्या डाव्या बाजूला ठेवली.