चार नंबरची जर्सी

जपानी शाळांच्या बास्केटबॉलमध्ये नंबर चारपासून सुरू होतात आणि चार नंबर कप्तानाला मिळतो. अद्वैतला हे फार लहानपणी कळलं होतं. २०११च्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी त्याचे वडील, हेमचंद्र, काँक्रीटच्या भेगांवर संशोधन करायला सेंदाईच्या विद्यापीठात आले, बायको अनघाला आणि सात वर्षांच्या अद्वैतला घेऊन. शाळेच्या ज्या जिममध्ये वर्षभरापूर्वी घरं गेलेली माणसं झोपत होती, तिथे आता पोरं बॉल आपटत होती. अद्वैतही आपटायला लागला, तो थांबलाच नाही. पुढे तिघांनी जपानी पासपोर्टही घेतले.

हायस्कूलच्या क्लबमध्ये पहिलं वर्ष त्यानं फरशी पुसण्यात काढलं. पहिल्या वर्षाच्या पोरांनी हेच करायचं असतं. फरशी पुसा, मोठ्यांच्या बाटल्या भरा आणि कोर्टाबाहेर उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडा. त्यानं ते निमूट केलं, कारण संध्याकाळी सगळे गेले की कोर्ट त्याचं असायचं. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात वरच्या वर्गातली मुलं क्लबमधून निवृत्त झाली आणि नव्या संघाला जर्सी वाटायचा दिवस आला. कोच सासाकी-सेन्सेई एकेक नंबर पुकारणार, ज्याचं नाव येईल त्यानं ‘हाय’, म्हणजे ‘हो’, म्हणून पुढे जायचं, वाकायचं आणि दोन्ही हातांनी जर्सी घ्यायची. चार नंबर अद्वैतचा, हे क्लबमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सेन्सेईंनी चार पुकारला आणि ओनोदेराचं नाव घेतलं. अद्वैतचं नाव सगळ्यात शेवटी आलं. जर्सी देताना सेन्सेई खाली बघत होते.

मग पुढचं वर्षभर बाकावर. संघ वीस गुणांनी पुढे असला, की शेवटची दोन मिनिटं त्याला सोडायचे, उरलेली भाजी संपवायला सांगावी तसे. घरी जेवताना तो धुमसत असायचा. माझं काय चुकलं, हा एकच प्रश्न. हेमचंद्र पोळीचा तुकडा मोडत म्हणायचे, “अरे, हे लोक आपल्याला कप्तान करतील होय? पासपोर्ट बदलला म्हणून तोंडवळा बदलतो का? तू आपला अभ्यासाकडे बघ.”

अद्वैतला ते पटलं. सतरा वर्षांच्या पोराला दुसरं काय पटणार? तो सेन्सेईंचा द्वेष करायला लागला, आणि मन लावून करायला लागला. निरोपाच्या दिवशी सगळी पोरं रडत सेन्सेईंसमोर वाकली. हा पठ्ठ्या मान ताठ ठेवून त्यांच्या समोरून निघून गेला. तिथे याहून मोठी शिवी नाही.

बाकावर बसलेल्या पोराला विद्यापीठाचे संघ विचारत नाहीत. ओनोदेराला तोक्योहून बोलावणं आलं. अद्वैत वडिलांच्या इच्छेप्रमाणे इंजिनिअरिंगला गेला, वर्षभरात सोडून आला आणि घरात महाभारत झालं. मग कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ नोकरी करायची, शेल्फांवर ओनिगिरीचे भातगोळे लावायचे आणि उरलेल्या वेळात वॉर्डाच्या जिममध्ये पोटं सुटलेल्या काकांबरोबर खेळायचं. शेजारच्या प्रांतातल्या एका तिसऱ्या दर्जाच्या लीगमधल्या संघानं त्याला चाचणीत नापास केलं. तो पुन्हा गेला. त्यांनी सरावापुरता ठेवून घेतला. पुढच्या मोसमात करार दिला, तोही असा की कोंबिनी सुटली नाही. पण करार होता.

त्या मोसमाआधीचा एक सराव लोकांना बघायला खुला होता. तिथे सासाकी-सेन्सेई आले. केस पांढरे झालेले. अद्वैतनं त्यांना पाहिलं आणि बुटाची नाडी बांधायला लागला. तेच चालत जवळ आले आणि त्याच्यापुढे वाकले.

“अभिनंदन. वडील आता खूश असतील ना?” त्यांनी विचारलं. “तेव्हा त्यांना तुझ्या अभ्यासाची फार काळजी होती.”

“तेव्हा म्हणजे?”

सेन्सेई गोंधळले. “जर्सी वाटायच्या आधी ते मला भेटायला आले होते. कप्तान करू नका, मॅचना शक्यतो घेऊ नका, म्हणाले. मला वाईट वाटलं. पण घरात तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं असेल, त्यात मी कोण बोलणार? तू निरोपाला बोलला नाहीस, तेव्हा वाटलं, खेळणं सोडावं लागलं म्हणून दुखावला असशील.”

अद्वैत ट्रेननं घरी आला तो पेटूनच. हेमचंद्र सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. त्यानं उभ्याउभ्याच विचारलं. त्यांनी नाकारलं नाही, एवढंच काय ते.

“अरे, मला वाटलं, तुझा कोच वाद घालेल,” ते म्हणाले. “आमच्या शाळेत बाप असा सांगायला गेला, की सर म्हणायचे, साहेब, पोरगं सोनं आहे, खेळू द्या. बाप जरा आढेवेढे घ्यायचा आणि हो म्हणायचा. दोघांचाही मान राहायचा. मी बाकरवडीचा डबा घेऊन गेलो होतो. तो एकदा जरी नाही म्हणाला असता ना, तरी मी हो म्हणणार होतो. हा माणूस वाकला, समजलं म्हणाला, आणि संपलं.”

“मग परत जाऊन सांगायचं होतं, चुकलं म्हणून.”

“प्रोफेसर माणूस मी. शब्द कसा फिरवणार?”

अनघा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिलाही हे नवीन होतं. तरी सवयीनं म्हणाली, “अद्वैत, आवाज खाली. बाबा आहेत ते. आणि शेवटी पोचलास ना तू?”

“आई, बाकावर बसवलं ते मी गिळीन. गाढवपणा होता, झाला.” त्याचा आवाज खाली येईना. “पण मी रोज या टेबलावर विचारत होतो, माझं काय चुकलं. आणि हे जेवता जेवता सांगत होते, की आपला चेहराच चुकलाय. वर्षभर! बसमध्ये, वर्गात, प्रत्येक माणसाकडे मी त्या नजरेनं बघितलं, बाबा. ज्या माणसानं तुमचा मान राखला, त्याच्या तोंडावर मी थुंकल्यासारखं वागलो. आणि तुम्हाला झोप लागत होती.”

हेमचंद्रांनी लॅपटॉप मिटला. “मी सासाकी-सानना फोन करतो. माफी मागतो. हवं तर तुझ्या नव्या कोचशीही बोलतो, तुला पहिल्या पाचात...”

“यामेरो,” अद्वैत जपानीत म्हणाला, म्हणजे बस करा. मग त्यांना नीट कळावं म्हणून मराठीत म्हणाला, “माझ्याबद्दल कुणाशीही बोलायचं नाही. कधीच नाही.”

पहिल्या घरच्या सामन्याला प्रत्येक खेळाडूला दोन पास मिळाले. त्यानं एक आईला दिला आणि दुसरा घेऊन सेन्सेईंच्या घरी गेला. दारातच कमरेत वाकला आणि ते ‘पुरे’ म्हणेपर्यंत वर आला नाही.

हेमचंद्र तिकीट काढून आले. सगळ्यात वरच्या रांगेत, एकटेच. सामन्याआधी संघ कोर्टाच्या मध्यभागी उभा राहतो आणि चारी बाजूंच्या प्रेक्षकांसमोर वाकतो. पहिल्या बाजूला आई आणि सेन्सेई शेजारी शेजारी बसले होते. अद्वैत त्यांच्यासमोर मनापासून वाकला. मग दुसरी बाजू, मग तिसरी. चौथीकडे वळल्यावर वडील दिसले. ते उठून उभे राहिले होते आणि हात हलवत होते.

तो तिथेही वाकला. संघातले सगळेच वाकत होते.