तीन मिनिटांत बसवलेल्या काकू

"काकूंवर जरा लक्ष ठेवा, ताई," औषधांच्या दुकानदारानं मला सांगितलं होतं. "इन्सुलिनच्या दोन कुप्या लागतात त्यांना. हल्ली एकच नेतात."

"माहितेय मला," मी म्हटलं. "त्यावरच तर बोलणार आहे मी महापालिकेच्या सभेत."

माहीत होतंच. काकू म्हणजे आमच्या शेजारच्या दारातल्या, शिवणकाम करणाऱ्या. एकट्याच राहतात. मी कामावर गेले की माझी सव्वा वर्षाची चिमी त्यांच्याकडे असते. त्यांच्याच मशीनशेजारी बसून मी भाषण लिहिलं.

"सरकारी योजनेत मी बसत नाही गं," त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या होत्या. "कुठं नोकरीला असते तर बसले असते, म्हातारी असते तरी बसले असते. मी आपली मधलीच लोंबकळतेय. मग अर्धं अर्धं टोचते. भागतंय."

मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. अर्धं घेतल्यानं काय होतं ते पुस्तकातून शोधून खाली जोडलं. घड्याळ लावून तीन मिनिटांत बसवलं. काकूंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "छान जमलंय हो. ऐकून मलाच त्या बाईची दया आली."

आम्ही दोघीही हसलो.

सभेच्या दिवशी पाच वाजता चिमीला सोडायला गेले, तेव्हा काकू हातात पाण्याचा तांब्या घेऊनच दारात आल्या. "आज तहान काही भागत नाही बघ. दुपारपासून चौथा तांब्या."

"उकडतंय ना," मी म्हटलं.

"तू जा निवांत. मी आतून कडी लावते. ही भवानी जिन्याकडे पळते."

"लावा," म्हटलं आणि निघाले.

सभागृहाच्या दारात शिपायानं फोन काढून घेतला आणि नऊ नंबरचा बिल्ला दिला. आत फोन चालत नाही आणि मधेच बाहेर गेलात तर बोलायची पाळी गेली, असा तिथला नियम. ठराव साधा होता. औषधोपचार प्रत्येकाला मिळेल अशी सुधारणा देशाच्या सरकारनं करावी, असं शहरानं कळवायचं. त्यावर तासभर जुंपली.

"हा देशाचा प्रश्न आहे," मिशीवाले नगरसेवक म्हणाले. "आपलं काम पाणी आणि रस्ते. असंच चाललं तर उद्या आपण चंद्रावरही ठराव करू."

"करा की," मागच्या बाकावरच्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "चंद्रावर खड्डेच आहेत. तुमच्या वॉर्डात असल्यासारखं वाटेल."

सगळे हसले. मीही. तेव्हा पावणेसात वाजले होते.

मग माझा नंबर पुकारला. भिंतीवरचे लाल आकडे तीनपासून उलटे धावू लागले. माझा आवाज चांगला लागला होता. "माझ्या शेजारी एक बाई राहतात. त्या इन्सुलिन अर्धंच घेतात. असं करणाऱ्या माणसाला आधी सारखी तहान लागते. मग गुंगी येते. मग शेजाऱ्यालाही कळायच्या आत ते माणूस—"

पुढचं वाक्य मी चार वेळा घासूनपुसून लिहिलं होतं. ते तोंडातून बाहेर येईना. चौथा तांब्या. आतून कडी.

"ताई, वेळ चाललाय," महापौर म्हणाले.

"माझं बाळ त्यांच्याकडे आहे," मी म्हटलं.

कुणीतरी टाळी वाजवली. त्यांना वाटलं, हे भाषणातलंच आहे.

मी पळत दाराशी आले. शिपाई म्हणाला, "बिल्ला?" बिल्ला कुठं पडला होता देव जाणे. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि फोनचा ट्रे पुढे केला. काकूंचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. नवरा कारखान्यात पाळीवर, तिथं त्याचा फोन कपाटात. टॅक्सीत बसले आणि काकूंची खोली डोळ्यांपुढे येऊ लागली. कात्री. टाचण्यांची डबी. न्हाणीघरात काठोकाठ भरलेली बादली. चिमीला बादलीत हात घालायला फार आवडतं. मी टॅक्सीवाल्याला तीनदा म्हटलं, जरा लवकर, आणि तिसऱ्यांदा तो सिग्नल तोडून गेला.

बेल वाजवली. दार वाजवलं. आतून काही नाही. मग चिमीचा आवाज, अगदी शहाण्यासारखा, "का-कू. का-कू. ऊठ."

वरच्या मजल्यावरचा वायरमन माझी हाक ऐकून खाली आला. "वहिनी, खिडकीशी जा, पोरीला तिकडे बोलवा. दार आत उघडतं, तिला लागेल." मी खिडकीच्या फटीतून गाणं म्हणायला लागले. कुठलं म्हटलं, आता आठवत नाही. त्यानं खांद्याचे दोन धक्के दिले आणि कडी निखळली.

काकू खुर्चीवरून घसरून मशीनला टेकल्या होत्या. डोळे अर्धे उघडे, श्वास धावून आल्यासारखा, आणि त्याला पिकून उतरलेल्या फळाचा वास. चिमी माझ्याकडे आली. तिची मूठ उघडली तर आत शर्टाचं बटण, ओलं. तोंडातून काढलेलं.

रुग्णवाहिका वीस मिनिटांनी आली.

त्याला चार दिवस झाले. ठराव तहकूब झाला, त्यामुळे माझी पाळीही बुडाली नाही. सभेच्या कचेरीतून मला चिठ्ठी आलीय: आपले एक मिनिट वीस सेकंद शिल्लक आहेत, पुढील सभेत वापरावेत. वापरीन. पण सभा महिन्यानं आहे आणि काकू परवा घरी येतायत. काल हॉस्पिटलच्या वॉर्डात त्यांच्याशेजारी बसले, तर नर्सनं दिलेल्या औषधांकडे बघून हळूच म्हणाल्या, "ही जरा पुरवून वापरली तर दोन महिने जातील गं."

मी घरी आल्यापासून सारखी भिंतीला कान लावतेय. त्यांचं घर रिकामं आहे हे माहीत असून लावतेय.

तुमच्याही शेजारी 'भागतंय' म्हणणारं कुणी असेल. हे वाचणं इथंच थांबवा आणि जाऊन बेल वाजवा. आतून नुसतं "बरी आहे" आलं तर परत फिरू नका. दार उघडेपर्यंत तिथंच थांबा.