मोजे वाळवणारा कंपायलर

मूळपुरुष हे काही त्याचं खरं नाव नव्हे, ऑफिसातल्यांनी ठेवलेलं. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर, आणि तो घडवणं हा ह्याचा धंदा. पण गड्याला आयतं काही चालायचं नाही. सेटिंगच्या फाइलीत एक साधी ओळ असते : कंपायलरचे अवजड भाग इंटरनेटवरून तयार उतरवून घ्यायचे, की घरीच मुळापासून बांधायचे? ह्याने 'मुळापासून' लिहिलं, वर झाडून सगळ्या तपासण्या चालू ठेवल्या. मग एक स्वल्पविराम बदलला तरी घराच्या मागच्या खोलीतलं त्याचं कामाचं यंत्र सकाळी घुरघुरायला लागे ते रात्रीची जेवणं होईतो.

यंत्राच्या पाठीमागून जी गरम हवा सुटे तिच्यावर घर चाले, म्हटलं तरी चालेल. सासूबाई तिथे मोजे वाळत घालत. सासरे गुडघे शेकत. मांजरीने बाळंतपणाला तीच जागा धरली. शेजारी तर थंडीत दारातूनच विचारत, आज कंपायलर आहे ना, मग खुर्च्या घेऊन येतो. जावई भारी कामसू, ही ख्याती अशी हवेवरच पसरली होती.

थंडीतल्याच एका सकाळी ऑफिसातल्या वरिष्ठ मॅडमचा फोन आला. कंपायलर एका गिऱ्हाइकाचा धडधाकट प्रोग्रॅम चूक म्हणून परत करतोय; संध्याकाळपर्यंत दुरुस्ती आली नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल आणि कामामागून खुर्चीही. चूक ह्याला अर्धा कप चहात सापडली, दुरुस्तही झाली. पण ती चालते का हे बघायला कंपायलर बांधायला हवा, आणि मुळापासून बांधायचा तर संध्याकाळ उलटणार.

बायकोही ह्याच धंद्यातली, दुसऱ्या ऑफिसात. ती दारातून म्हणाली, "ती एक ओळ बदल. तयार घे. नाक नाही कापलं जायचं तुझं."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना मोजे वाळल्याशी मतलब."

कडू औषध घ्यावं तशी त्याने डोळे मिटून ओळ बदलली. उरलेला चहा निवायच्या आत कंपायलर उभा, आणि गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅम गुमान पुढे गेला. आता दुरुस्ती पाठवली की खुर्ची वाचली. छाती फुगवून तो बाहेर आला, तर समोर सासूबाई, हातात ओले मोजे.

"जावईबापू, आज दांडी वाटतं?"

सासऱ्यांनी हळूच बाजूला घेऊन विचारलं, नोकरी गेली असेल तर सांगून टाका, आम्ही काही बोलणार नाही. शेजारी खुर्च्या उचलून परत निघालेच होते. मूळपुरुषाने मनात हिशेब केला. उद्या मॅडमनीही विचारलं तर, अर्ध्या कपात होणारं काम, मग आजवर दिवस दिवस काय करत होता?

तो आल्या पावली खोलीत शिरला. ओळ पुन्हा 'मुळापासून' केली आणि यंत्र लावलं.

दुरुस्ती त्याने पाठवली ती मोजे वाळल्यावर, संध्याकाळी. मॅडमनी उलट कळवलं, एका दिवसात जिवाचं रान केलंत. खुर्च्यांवरचे शेजारीही तेच म्हणत होते. आपले मोजे उचलून, गालाला लावून बघत बायको आत गेली.