चौदा फरशांची सावली

ग्रुपमध्ये माझं नाव मोजपट्टी होतं. ते मी घेतलं नव्हतं, मला मिळालं होतं, आणि मला ते आवडत होतं. आम्ही एकोणचाळीस जण. बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी झालेल्या एका खुनाचा छडा लावायचा, असं आमचं आम्हीच ठरवलं होतं. पोलिसांना जे जमलं नाही ते आपल्याला का जमावं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मी तर नाहीच.

मारल्या गेल्या त्या शिवणकाम शिकवणाऱ्या एक बाई. निवृत्त, एकट्या, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या. दुपारी चार ते साडेचारच्या दरम्यान कुणीतरी त्यांच्या डोक्यात जड काहीतरी घातलं. कुलूप शाबूत होतं. महिनाभर आधी त्यांनी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून एक जादा चावी करून घेतली होती. आमच्या ग्रुपला एवढं पुरेसं होतं.

चावीवाल्याचा जबाब वर्तमानपत्रात आला होता. चारला दहा मिनिटं कमी असताना त्याने आपली हातगाडी बंद केली आणि चारची बस धरून शेजारच्या गावी बहिणीकडे गेला. कंडक्टरला तो आठवत नव्हता. कंडक्टरला तसं कोण आठवतं?

मग एक फोटो मिळाला. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर एका मुलीने आपल्या नव्या स्कूटरचा काढलेला. मागे चावीवाला गाडीचं झाकण ओढताना दिसत होता. फोटो चारपाच जणांच्या फोनमधून फिरून आल्यामुळे त्यातली मूळ वेळ पुसली गेली होती, आणि मुलीला ‘जेवणानंतर कधीतरी’ यापलीकडे काही आठवत नव्हतं.

दोन आठवडे आम्ही त्या फोटोचा कीस काढला. ग्रुपचे प्रमुख म्हणजे घुबड, एक निवृत्त मुद्रितशोधक. त्यांना चुका शोधायची सवय होती, त्यामुळे जिथे तिथे चूक दिसायची. गाडीच्या चाकामागे एक वीट होती. घुबडांनी तिच्याभोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं, ‘जड वस्तू?’ नर्सताई म्हणून एक होत्या, खरोखरच्या परिचारिका, त्यांनी जखमेचा आकार विटेच्या कोपऱ्याशी जुळतो असं सांगितलं. जखम त्यांनीही पाहिलेली नव्हती. विटेवर एकशे बारा संदेश झाले.

मला वीट नको होती. मला सावली दिसली होती.

फोटोत दिव्याचा एक खांब होता आणि त्याची सावली पदपथाच्या फरशांवर सरळ पडली होती. फरशी तीस सेंटिमीटरची, खांब तीन मीटरचा. दोन्ही मापं नगरपालिकेच्या निविदेत मिळाली. सावली चौदा फरशांची. यावरून सूर्य क्षितिजापासून किती अंश वर होता ते निघतं, आणि तारीख माहीत असली की वेळ निघते. मी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आहे. गणित मी तीनदा केलं आणि तिन्ही वेळा उत्तर आलं, चार वाजून दहा मिनिटं. पाच मिनिटं इकडे तिकडे, हेही मी लिहिलं. मला वाटतं, त्या ‘पाच मिनिटं इकडे तिकडे’मुळेच लोकांचा माझ्यावर विश्वास बसला.

शेवटी मी एक वाक्य जोडलं: ‘सावली खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.’ गणिताला त्या वाक्याची गरज नव्हती.

ते कुणीतरी ग्रुपबाहेर टाकलं आणि चार दिवसांत चाळीस हजार लोकांनी पुढे पाठवलं. घरात कौतुक. बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून आकृती दाखवली. दादा रोज जेवताना म्हणायचा, ‘फौजदारसाहेब, भाजीत मीठ कमी आहे, तपास करा.’ पोलिसांनी चावीवाल्याला पुन्हा बोलावलं, दोन दिवस बसवून ठेवलं आणि सोडलं. का सोडलं यावर आम्ही आणखी तीनशे संदेश लिहिले.

माझी नोकरी वजनकाटे तपासण्याची. दुकानात जायचं, पेटीतली प्रमाणित वजनं काट्यावर ठेवायची, फरक नोंदवायचा, शिक्का मारायचा. पण वजनाला हात लावण्याआधी काटा सपाट जागेवर आहे की नाही ते बघायचं. काट्याला एक छोटा काचेचा डोळा असतो, त्यात बुडबुडा. तो मधोमध आला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. ही गोष्ट मी दिवसातून पंधरा वेळा करते. झोपेतही करीन.

चार महिन्यांनी मला एका धान्याच्या दुकानाचा काटा तपासायला पाठवलं. पत्ता मी दोनदा वाचला. तोच रस्ता होता. खोटं कशाला बोलू, मला उत्सुकता वाटली. आपण फरशी न् फरशी ओळखतो ती जागा प्रत्यक्ष बघायला मिळणार.

बसमधून उतरले आणि वजनांची पेटी घेऊन वर चालू लागले. पेटी अकरा किलोंची. वीस पावलांवर मला धाप लागली. आणखी दहा पावलं गेल्यावर मी थांबले, ती धापेमुळे नाही.

रस्ता चढाचा होता.

फोटो चढाच्या वरच्या टोकाकडून खाली बघत काढलेला होता, आणि त्यात रस्ता टेबलासारखा सपाट दिसत होता. खांब तिथेच होता, फरशा त्याच होत्या. सावली ज्या बाजूला पडली होती त्याच बाजूला जमीन खाली जात होती. उतारावर सावली लांब पडते, हे शाळेतल्या मुलालाही सांगितलं की कळेल. आणि चाकामागची वीट. हातगाडी घसरू नये म्हणून लावतात ती. ती वीट आम्हाला ओरडून सांगत होती की इथे उतार आहे, आणि आम्ही तिच्यावर रक्ताचे डाग शोधत होतो.

मी काट्यासाठी ठेवलेली बुडबुड्याची पाणसळ पेटीतून काढली, भर रस्त्यात वाकून पदपथावर ठेवली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत तिचं एक टोक उचललं आणि खालची फट मोजली. मीटरमागे बारा सेंटिमीटर. वहीवर, उभ्याउभ्याच, नवं उत्तर काढलं. चारला बारा मिनिटं कमी.

तो खरं बोलला होता. अगदी एकदोन मिनिटांच्या फरकाने.

दुकानात गेले. दुकानदार गप्पिष्ट होता. काट्याच्या टेबलाच्या दोन पायांखाली त्याने लाकडाचे तुकडे घातले होते. ‘आमचा रस्ताच असा, ताई,’ तो म्हणाला. ‘इथे सगळ्यांच्या टेबलाला टेकू.’ मी काम करत राहिले. कोपरा रिकामा का, असं मी विचारलं, जणू मला माहीतच नाही. तेव्हा त्याने चावीवाल्याचं सगळं सांगितलं. आधी लोकांनी गाडीवर चिठ्ठ्या चिकटवल्या, मग कुणी तिचं झाकण तोडलं. बायका म्हणू लागल्या की याने केलेल्या चाव्या आपल्या घराला आहेत, आणि गल्लीतल्या बावीस घरांनी कुलपं बदलली. चावीवाल्यावर विश्वास नसेल तर त्याच्यापाशी उरतं काय? तो बहिणीकडे निघून गेला.

‘कुण्या शहाण्याने सावली मोजली म्हणे,’ दुकानदार म्हणाला. ‘शिकलेला माणूस असणार. आपल्याला काय कळतंय त्यातलं.’

मी शिक्का मारला, सही केली आणि वजनं पेटीत भरली. तो शहाणा कोण ते सांगायला त्याच क्षणी काहीही अडचण नव्हती. दुकानात आम्ही दोघंच होतो. मी पेटीच्या कड्या दोनदा लावल्या, आणि गेले.

घरी येऊन मी सगळं लिहिलं: उतार, तो कसा मोजला ते, नवं गणित, वीट कशासाठी होती ते. ग्रुपवर टाकलं. मग घुबडांनी लिहिलं की निरीक्षण चांगलं आहे, पण दीड वर्षात रस्ता खचला नसेल कशावरून. नर्सताईंनी खासगीत विचारलं, तुला कुणी धमकी दिली का गं, मोकळेपणाने सांग. बाकीचे तोवर बाईंच्या भाच्यावर पोचले होते. त्याच्या बुटांच्या मापावर काम चालू होतं. माझी दुरुस्ती अकरा जणांनी पुढे पाठवली. त्यातला एक दादा.

‘अकरा,’ मी त्याला म्हटलं.

दादाने त्या दिवशी फौजदारसाहेब म्हटलं नाही. ‘त्याला फोनवर मारलंस,’ तो म्हणाला, ‘पण त्याला लागलं ते गल्लीत. गल्लीत जाऊन सांग.’

आधी मी पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदाराने माझा कागद घेतला आणि शांतपणे सांगितलं की उताराचं त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे, ते तिथे चालत गेले होते. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मी शेजारच्या गावी चावीवाल्याच्या बहिणीचं घर शोधत गेले. दार बहिणीनेच उघडलं. मी कोण ते सांगितलं. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

‘मोजणारी ती तूच का?’ ती म्हणाली. ‘ये की. आमचा उंबरा मोज, भिंती मोज. भाऊ चार महिने आतल्या खोलीत बसलाय, तेही मोज.’

तो बाहेर आला. फोटोत दिसायचा त्यापेक्षा ठेंगणा होता. त्याची उंची मी खांबावरून काढली होती आणि तीही चुकली होती. मी त्याच्यापुढे कागद धरला आणि समजावू लागले. अंश, उतार, फरशा. त्याने ऐकून घेतलं. माझा आवाज वर्गात शिकवणाऱ्यासारखा झाला होता हे माझ्या लक्षात आलं, आणि मी मध्येच थांबले.

‘काका, तुम्ही खरं बोलला होतात,’ मी म्हटलं. ‘चूक माझी आहे.’

‘मी खरं बोललो ते मला माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘तुम्ही आधी कधी आला होता तिकडे?’

‘नाही.’

‘एकदाही?’

‘नाही.’

त्याने पायांत चपला घातल्या आणि म्हणाला, ‘हे मला सांगून उपयोग नाही, ताई. कोपऱ्यावर सांगा. मी येतो बरोबर, पण मी बोलणार नाही.’

आम्ही तिघं बसने गेलो. बहीण आमच्या दोघांच्या मध्ये बसली.

धान्याच्या दुकानासमोर रविवारची गर्दी होती. मी पायरीवर उभी राहिले. शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेली मी, तोंडातून पहिलं वाक्य निघेना. निघालं ते असं: ‘सावली मोजली ती मी.’ दुकानदाराने हातातला माप भरायचा डबा खाली ठेवला. मी सांगत गेले. उतार त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. ते रोज चढत होते. एक म्हातारी म्हणाली, अगं, इथे लिंबूसुद्धा ठेवलं तर घरंगळतं, तुला फोटोत दिसलं नाही होय? दोघंतिघं हसली. मलाही हसू यावं असं ते हसणं नव्हतं.

‘आणि काटा तपासायला तुम्ही इथे आलात,’ दुकानदार म्हणाला, ‘तेव्हा तुम्हाला माहीत होतं?’

‘हो.’

त्याने मान वळवली. चावीवाला गर्दीच्या कडेला उभा होता. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही, पण कुणी त्याच्यापासून लांबही सरकलं नाही; लोक त्याच्या आजूबाजूला होते तसेच राहिले. मग एका बाईने विचारलं, ‘मग केला कुणी खून?’ आणि सगळ्यांची तोंडं पुन्हा माझ्याकडे वळली. आत्ताच यांनी माझी चूक ऐकली होती, तरी मी सांगेन अशी वाट बघत होते.

‘मला माहीत नाही,’ मी म्हटलं.

इतक्या महिन्यांत ग्रुपमधल्या एकोणचाळीस जणांपैकी कुणीही हे वाक्य लिहिल्याचं मला आठवत नाही.

गर्दी पांगली. चावीवाला पुढे आला आणि म्हणाला, सांगितलंत ते कागदावर लिहून द्या, आकडे नकोत. मी दुकानाच्या फळीवर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या. खाली सवयीने नुसती सही केली. त्याने कागद परत माझ्यापुढे सरकवला.

‘नाव लिहा,’ तो म्हणाला. ‘पूर्ण. माझं सगळ्यांना माहीत आहे.’

मी लिहिलं. त्याने ते मोठ्याने वाचलं, बहिणीला ऐकू जाईल असं, मग दुकानदाराला ऐकू जाईल असं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याकडे न बघता तो खाली, रिकाम्या कोपऱ्याकडे चालत गेला.